तीन वर्षांत पैसे वसूल? एका सौर पत्रकाची उलटतपासणी

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर आण्णांनी चष्म्याच्या डबीखाली घडी घालून ठेवलेलं एक पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "तू सोलरवरच पीएचडी करतीस ना? मग सांग, बसवायचं का नाही?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. माझं संशोधन सौर सेलच्या पदार्थांवर आहे. काचेवरचा थर किती नॅनोमीटरचा असावा हे मी सांगू शकते. पण सिन्नर तालुक्यात, वावीच्या बाजूला, दोन खोल्यांवर स्लॅब आणि बाकी पत्रा असलेल्या आमच्या घरावर पॅनेल लावणं परवडतं का, हा प्रश्न वेगळाच निघाला. त्या रात्री पत्रक, वर्षभराची लाइट बिलं आणि एक जुनी वही घेऊन बसले. हा लेख त्यातून आला आहे.

तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहिण्याच्या तयारीत असतील. 'ग्रामीण भागातील घरगुती सौरऊर्जा : लाभ आणि खर्च' हा विषय अनेकांच्या यादीत असतो. म्हणून या पत्रकाकडे आपण एखाद्या शोधनिबंधाकडे बघावं तसं बघू. दावा काय, गृहीतकं कोणती आणि कोणती गोष्ट मोजलीच नाही, या क्रमाने.

पत्रकाचा दावा

पत्रकातलं गणित असं. तीन किलोवॅटची यंत्रणा, खर्च १ लाख ९५ हजार. केंद्राच्या 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजने'तून अनुदान ७८ हजार. हातातून जाणार १ लाख १७ हजार. महिन्याला ३६० युनिट तयार होणार, एका युनिटचे १० रुपये धरले तर महिन्याला ३,६०० आणि वर्षाला ४३,२०० रुपयांची बचत. म्हणजे पावणेतीन वर्षांत पैसे वसूल, पुढे बावीस वर्षं वीज फुकट.

यात खोटं काय? गंमत म्हणजे, सुटं सुटं बघितलं तर जवळपास काहीच नाही. अनुदानाचा आकडा बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणून कमाल ७८ हजार. आपल्याकडे एक किलोवॅटमागे महिन्याला सरासरी ११५ ते १२० युनिट मिळतात, हेही साधारण खरं. दहा रुपये युनिट हा दरही हवेतला नाही, जास्त वापर असलेल्या घराला त्याच्या आसपासच पडतो.

मग चुकलं कुठे? हे घर कोणाचं, ते पत्रकाने सांगितलंच नाही.

इथे माझीच एक चूक कबूल करते. पहिल्या वर्षी सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत मी अगदी असंच गणित मांडलं होतं. राज्याचा सरासरी दर घेतला, पॅनेलच्या उत्पादनाने गुणलं आणि 'ग्रामीण कुटुंबाची वार्षिक बचत' असं लिहून मोकळी झाले. गाईडनी लाल पेनाने शेजारी दोनच शब्द लिहिले : "कोणाचं युनिट?" मला ते शब्द कळायला तीन वर्षं आणि घरचं बिल लागलं.

सगळी युनिटं सारखी नसतात

महावितरणचं घरगुती बिल काढा आणि नीट बघा. वीज आकार टप्प्याटप्प्याने लागतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. वहन आकार धरून ढोबळमानाने पहिल्या टप्प्यात युनिटला ६ रुपये आणि दुसऱ्यात ११ रुपये पडतात असं समजू. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून मी मुद्दाम गोल आकडे घेते आहे. तुम्ही स्वतःच्या बिलावरचे घाला.

नेट मीटरिंगमध्ये पॅनेलने बनवलेलं युनिट तुमच्या वापरातून वजा होतं. वजा होतं ते वरून, म्हणजे आधी सगळ्यात महाग युनिट जातं. आता दोन घरं घेऊ.

पहिलं आमचं. दोन पंखे, टीव्ही, चार-पाच दिवे, मिक्सर आणि मोबाइल. फ्रिज नाही. वर्षाची सरासरी महिन्याला ८० युनिट. दुसरं सिन्नर शहरात राहणाऱ्या माझ्या मामांचं. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, उन्हाळ्यात कूलर. सरासरी २८० युनिट.

दोन्ही घरांवर एकाच कंपनीचं, एकाच क्षमतेचं एक किलोवॅटचं पॅनेल लावलं. महिन्याला ११५ युनिट मिळाली. मामांकडे ही सगळी ११५ युनिटं अकरा रुपयांच्या टप्प्यातून वजा होतील. ११५ गुणिले ११, त्यावर १६ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे १,४६७ रुपये आणि वर्षाला साडेसतरा हजारांच्या वर. आमच्याकडे वजा व्हायला मुळात ८०च युनिटं आहेत आणि ती सगळी सहा रुपयांची. महिन्याला ५५७, वर्षाला सुमारे ६,६८० रुपये.

पॅनेल तेच, ऊनही तेच, अनुदानही तेच ३० हजार. फायदा मात्र मामांना अडीच पटीहून जास्त. छोटी यंत्रणा किलोवॅटमागे जरा महागच पडते. ती ६५ हजारांना धरली, तर अनुदान जाऊन राहतात ३५ हजार. मामांचे दोन वर्षांत वसूल होतात, आमचे सव्वापाच वर्षांत.

आणि पत्रकातली तीन किलोवॅटची यंत्रणा आमच्या घरावर बसवली तर? वापरातली बचत तेवढीच राहते, वर्षाला ६,६८० रुपये. कारण ८० युनिटांच्या घरातून ८० पेक्षा जास्त युनिटं वाचवता येत नाहीत. उरलेली युनिटं ग्रीडमध्ये जातात. वर्षअखेरीस, ३१ मार्चला, त्यांचा हिशेब होतो आणि शिल्लक वीज महावितरण आपल्याला पडणाऱ्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. त्याचे काही हजार येतील. पण १ लाख १७ हजार ७ टक्क्यांच्या कर्जाने उभे केले, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज होतं ८,१९० रुपये. म्हणजे बिलातल्या बचतीतून कर्जाचं व्याजसुद्धा फिटत नाही. पत्रकावरची 'पावणेतीन वर्षं' आमच्या उंबऱ्यावर येऊन अशी मोडतात.

शिवाय बिल शून्य होत नाही. स्थिर आकार राहतोच, त्यावरचं शुल्क राहतं. 'शून्य बिल' वाचलं की आधी बिलावरची 'स्थिर आकार' ही ओळ शोधा.

पैशाची किंमत कोणासाठी किती

आता जरा तांत्रिक मुद्दा, पण सोडू नका. पेबॅक पिरियड मोजताना आपण पाच वर्षांनंतरचा रुपया आणि आजचा रुपया सारखाच धरतो. संशोधनात तसं करत नाहीत. भविष्यातल्या बचतीची आजची किंमत काढतात आणि त्यासाठी डिस्काउंट रेट लागतो. बहुतेक अहवालांत तो बँकेच्या व्याजदराच्या आसपास घेतलेला असतो.

आमच्या एक किलोवॅटचं बघू. वर्षाला ६,६८० रुपये, वीस वर्षं. ७ टक्के दराने त्याची आजची किंमत येते ७० हजारांच्या वर. खर्च ३५ हजार. म्हणजे दुप्पट फायदा. निबंध इथे संपतो आणि निष्कर्ष लिहिला जातो.

पण आमच्या गावात पेरणीच्या आधी पैसे ७ टक्क्यांनी मिळत नाहीत. 'दोन रुपये शेकडा' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस. ज्या घराला हातातले ३५ हजार गेल्यावर कांद्याच्या रोपासाठी असे पैसे उचलावे लागतील, त्या घरासाठी डिस्काउंट रेट चोवीसच्या आसपास धरायला हवा. त्या दराने तीच वीस वर्षांची बचत आज फक्त साडेसत्तावीस हजारांची ठरते. ३५ हजार घालून साडेसत्तावीस हजार. तोटा.

आणि यात मी इन्व्हर्टर धरलेलाच नाही. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, वर्षाला साधारण अर्धा टक्का उतरत जातं. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. शिवाय अनुदान यंत्रणा बसल्यानंतर खात्यात जमा होतं. आधी सगळी रक्कम किंवा कर्ज उभं करावं लागतं.

दोन्ही गणितं बरोबर आहेत. फरक आहे तो कोणाच्या जागी बसून मोजतो याचा. तुमच्या प्रपोजलमध्ये डिस्काउंट रेट लिहाल तेव्हा 'का' हेही लिहा. एका वाक्यात का होईना.

आईचा प्रश्न

मी आणि आण्णा हे आकडे मांडत असताना आई दळण निवडत होती. मध्येच म्हणाली, "ते जाऊ द्या. लाइट गेल्यावर चालंल का?"

नाही चालणार. घरगुती अनुदानात बसणारी नेहमीची यंत्रणा ऑन-ग्रिड असते. ग्रीडची वीज गेली की तिचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. हा दोष नव्हे, ती सुरक्षेची सोय आहे. नाहीतर लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. दिवे चालू ठेवायचे तर बॅटरी लागते, बॅटरी म्हणजे वेगळा खर्च, आणि लेड-ॲसिडची बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते.

आता विचार करा. पावसाळ्यात डीपी जळाली की आमच्याकडे दोन-दोन दिवस अंधार असतो. संध्याकाळी सातचं एक युनिट आईसाठी सहा रुपयांचं नाही. त्या वेळी तिचा स्वयंपाक असतो, शेजारच्या दोघी-तिघी विड्या वळत बसलेल्या असतात, पोरांचा अभ्यास असतो. दुपारी दोनला ग्रीडमध्ये गेलेलं युनिट हिशेबात संध्याकाळच्या युनिटाइतकंच भरतं, म्हणून आपण दोन्ही सारखी समजतो. खेड्यातल्या माणसाला सौरऊर्जेकडून हवी असते ती मुख्यतः खात्रीची वीज. आणि आपण मोजतो ते बिल. लाभाच्या तक्त्यात 'खंडित वीज' हा रकानाच नसेल, तर तो तक्ता शहरातल्या घरासाठी बनवलेला आहे, एवढं धरून चाला.

हे सिन्नरकरांना वेगळं सांगायला नको. गुळवंच-मुसळगावच्या बाजूला १३५० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला आणि बरीच वर्षं जवळजवळ बंद पडून राहिला. शिर्डीकडे जाताना त्याच्या चिमण्या बघत आम्ही मोठे झालो. स्थापित क्षमता म्हणजे वीज नव्हे, हा धडा आमच्या तालुक्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. तरी 'अमुक मेगावॅट छतावर बसवले' हा आकडा लाभ म्हणून लिहिणारे प्रपोजल दर वर्षी दिसतात.

अभ्यास काय सांगतात

इथे एक निबंध आवर्जून वाचा. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात अक्लिन, बायर, हरीश आणि उर्पेलाइनेन यांनी ८१ वस्त्यांमधल्या १,२८१ कुटुंबांवर प्रयोग केला. तो २०१७ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आला. काही वस्त्यांना छोट्या सौर मायक्रोग्रिडची वीज देऊ केली, काहींना नाही, आणि निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक केली. वीज असलेल्या घरांचं प्रमाण वाढलं, काळ्या बाजारातल्या रॉकेलवरचा खर्च महिन्याला सुमारे ५० रुपयांनी घटला. पण बचत, व्यवसाय, कामाचे तास, मुलांचा अभ्यास यांत ठोस बदल दिसला नाही.

हा निबंध दोन्ही बाजूंनी वापरला जातो आणि दोन्ही बाजू घाई करतात. एक म्हणते, 'बघा, सौरऊर्जेने काही होत नाही.' पण तिथे मिळत होते दिवे आणि मोबाइल चार्जिंग, तेही ठरावीक तास. त्यावरून छतावरच्या एक किलोवॅटबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी बाजू रॉकेलची बचत तेवढी उचलते आणि उरलेले रकाने गाळते. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना निष्कर्षासोबत यंत्रणेचा आकारही लिहा. अर्धे वाद तिथेच मिटतील.

बिहारमधल्या धरनईचंही असंच. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॅटचा मायक्रोग्रिड उभारला. गावकऱ्यांनी मागणी केली ती 'असली बिजली'ची, म्हणजे ग्रीडच्या विजेची. पुढे स्वस्त ग्रीड आली आणि मायक्रोग्रिड मागे पडला. पर्यायी वीज कोणती आणि ती किती स्वस्त, यावर सौरऊर्जेचा लाभ ठरतो, हे त्यातून घ्यायचं.

आता माझ्याच गणितावर टीका

दुसऱ्याचं पत्रक फाडणं सोपं असतं. माझ्या वरच्या हिशेबातही एक मोठं भोक आहे. मी ८० युनिटांचा वापर कायम धरला. आमचा वापर ८० आहे, कारण आई पंखा बंद करत फिरते. फ्रिज घेतला नाही, कारण 'बिल वाढंल'. एक किलोवॅटमधली उरलेली ३५ युनिटं महिन्याला मिळू लागली, तर एक छोटा फ्रिज त्यात चालू शकतो. माझ्या हिशेबात त्या फ्रिजची किंमत शून्य आहे, कारण बिलात एक रुपयाही वाचला नाही. पण उन्हाळ्यात दूध नासत नाही, आण्णांचं इन्सुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवावं लागत नाही. हा लाभ खरा आहे, फक्त बिलाच्या वहीत दिसत नाही.

उलट बाजूने काही खर्चही मी सोडले. मार्च ते मे आमच्याकडे धूळ असते, पॅनेल दर आठवड्याला धुवावं लागतं, आणि त्याच महिन्यांत पूर्व भागातल्या कित्येक गावांना टँकर येतो. ते पाणी कोण देणार आणि शिडीवर कोण चढणार? ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हेही सरळ नाही. पॅनेल साठ अंशांपर्यंत तापलं की उत्पादन दहा-बारा टक्के घसरतं. पत्र्याच्या घराचं तर वेगळंच, आधी सांगाडा पेलेल का ते बघावं लागतं.

राज्य सरकारलाही ही विषमता दिसली असावी. २०२५ मध्ये आलेल्या 'स्मार्ट' योजनेत महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचं जादा अनुदान आहे. सर्वसाधारण गटाला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार, दारिद्र्यरेषेखालच्या घराला साडेसतरा हजार. यंत्रणेची किंमत ५० हजार धरली, तर आमच्यासारख्या घराला १० हजारच भरायचे. मग दीड वर्षात वसूल, आणि दोन रुपये शेकड्यानेही परवडतं. माझा 'तोटा' हा निष्कर्ष एका शासन निर्णयाने उलटला. पण त्यामुळे यंत्रणा स्वस्त झाली नाही. खर्च दुसऱ्या खिशात गेला. कुटुंबाचा लाभ आणि समाजाचा लाभ हे दोन वेगळे तक्ते करा. एकात मिसळलेत, तर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल.

काम सुरू करण्याआधी

तुम्ही या विषयावर काम करणार असाल, तर सर्वेक्षणाचा फॉर्म बनवण्याआधी पाच घरांची बारा-बारा महिन्यांची बिलं गोळा करा. सरासरी काढू नका, टप्पे बघा. मीटर कोणाच्या नावावर आहे ते विचारा. वीज किती वेळ जाते आणि कोणत्या वेळी, हे घरातल्या बाईला विचारा, पुरुषाला दिवसा घरातलं ठाऊक नसतं. हातात ३५ हजार आले तर आणखी कशावर घातले असते, हेही विचारा. आमच्याकडे उत्तर होतं कांद्याची चाळ. चाळ दुरुस्त असती तर एप्रिलचा कांदा पडेल भावात काढावा लागला नसता. सौरऊर्जेची तुलना विजेच्या बिलाशी करून भागत नाही, तिची स्पर्धा त्या चाळीशी आहे.

आमचं काय ठरलं? तीन किलोवॅटचं पत्रक आण्णांनी चुलीजवळ ठेवलं. राज्याच्या योजनेत एक किलोवॅटचा अर्ज करायचा, उरलेले पैसे चाळीला घालायचे, आणि आईसाठी दोन दिवे चालतील असा छोटा बॅटरी इन्व्हर्टर वेगळा बघायचा, असं ठरलं. अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं की मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. आता आधी नावबदल, मग पॅनेल. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून आणलाय, काकांची सही बाकी आहे.

माझ्या हिशेबाच्या वहीत हा रकानाही नव्हता. तो आता घातला आहे.